मुकादमाशी बोललास, तिच्याशी बोललास का?

अंबाजोगाई

चि. बाळास,


फोनवरच बोलले असते, पण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि ठेवून देतोस. शिवाय राग आला की माझ्या तोंडून निम्मंच बाहेर पडतं. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

परवा घरच्या ग्रुपवर तुझ्या एकांकिकेचं पोस्टर आलं. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय की प्रयोगाच्या शेवटी एक ऊसतोड बाई स्वतः रंगमंचावर येऊन आपली कहाणी सांगणार. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मीही पाठवणार होते. तेवढ्यात तुझ्या आईचा फोन आला आणि ती बाई म्हणजे आपल्या वरच्या वस्तीवरची काकू, हे कळलं. तिला तू कोल्हापूरकडच्या फडावरून गाडी करून आणणार, चुकलेल्या दिवसांचा तिचा जो काही खाडा पडेल तो तू भरणार, आणि मुकादमाशी तुझं बोलणंही झालंय म्हणे. लेकरा, मुकादमाशी बोललास. तिच्याशी बोललास का?

तुझी आई उगाच काळजी करते असं समजून मी गप्प बसले असते. पण राहवलं नाही. रात्री, टोळी कोपीवर परत आली असेल अशा वेळी, मीच काकूला फोन लावला. आधी ती घाबरली, गावाकडं कुणाचं काही झालं का म्हणून. मग तुझं नाव निघाल्यावर हसली. "पोराचं काम हाये म्हन्त्यात, येते की. मुकादमानं सांगितल्यावर न्हाई कसं म्हनू?" एवढं म्हणाली आणि गप्प झाली. मग हळूच विचारलं, "आक्का, पिशवी काढल्याचं समद्या बाप्यांम्होरं सांगायचं व्हय?" मला काही बोलता येईना. ती पुढं म्हणाली, "मला लेकीच्या लग्नातली नवी साडी नेसायची हुती, तर मुकादम म्हनला कामावरचीच नेस, वरून शर्ट घाल, तसंच पायजेल म्हनून सांगितलंय त्यांनी."

"त्यांनी" म्हणजे तू. तू तसं सांगितलंस का? नसशील सांगितलं तर मला लगेच कळव, मी तुझी माफी मागेन. सांगितलं असशील तर तेंडुलकरांचं 'कमला' पुन्हा उघड. मी दिलेली प्रत तुझ्याकडेच आहे.

1981 साली एका वार्ताहराने मध्य भारतातून एक बाई विकत घेतली आणि बायकांचा बाजार भरतो हे छापून दाखवलं. देशभर खळबळ उडाली. तेंडुलकरांनी त्याच सुमारास नाटक लिहिलं, पण त्या बाजारावर लिहिलं नाही. लिहिलं ते बाई विकत घेणाऱ्या पत्रकाराच्या घरावर. जयसिंग जाधव वाईट माणूस नाही, हे नीट लक्षात घे. तो जीव धोक्यात घालून बाजारात जातो, अडीचशे रुपये मोजतो, कमलाला दिल्लीच्या आपल्या घरी आणतो. त्याला खरोखरच अन्याय उघडा पाडायचा आहे. आणि त्यासाठी त्याला कमला हवी आहे ती फाटक्या लुगड्यातली, मळलेली, भेदरलेली. नीटनेटकी कमला त्याच्या कामाची नाही. पत्रकार परिषदेत सगळे मिळून तिला काय काय विचारतात, आणि घरी आल्यावर ते तो किती हसत हसत सांगतो! तू सरावाला लागण्याआधी तो प्रसंग एकदा मोठ्याने वाच. एकट्याने वाच. त्या हसण्यापाशी तुझा आवाज काय होतो ते ऐक.

तुझ्याबद्दल मला हीच भीती वाटते. पुन्हा पुन्हा तिथंच येते आहे, पण काय करू. तू जयसिंगासारखाच भला आहेस, तळमळीचा आहेस, आणि तुलाही बाई कामावरच्याच कपड्यांत हवी आहे. जयसिंगाने अडीचशे मोजले, तू खाडा मोजतो आहेस.

आता म्हणशील, आत्या, हे सगळं खरं आहे, लोकांना कळायला नको का? कळायलाच हवं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलं. दसरा झाला की वर्ग कसा रिकामा होतो, आणि पाडव्याच्या आसपास परत आलेली पोरं 'क' पासून पुन्हा कशी सुरू करतात, हे मी पाहिलेलं आहे. 2019 साली ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी देशभर गेली, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपल्या जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांत 13 हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत, दुखण्यात काम चुकलं की खाडा. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरून उचल दिलेली, त्यामुळे एकीच्या अंगावरचं दुखणं दोघांच्या हिशोबात चढतं. फडात आडोसा नाही, पाणी नाही. अंगावरून जायला लागलं, पोट दुखायला लागलं, की डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि बाई म्हणते, काढून टाका एकदाची कटकट. हे सगळं तू नाटकात आण. अजून टोकदार आण. संहितेत तू मुकादमाला राक्षस केलंयस, त्यापेक्षा उचलीचा हिशोब कसा फिटत नाही ते दाखव. मुकादमसुद्धा वरून कारखान्याच्या पैशाने बांधलेला असतो. तो भाग तू दोन वाक्यांत उरकलास, ते मला आवडलं नाही.

पण माझं मूळ म्हणणं वेगळं आहे. दिवाळीत तू दिलेली संहिता मी दोनदा वाचली. तुझी बाई रडते, मार खाते, पुन्हा रडते, शेवटी कोसळते. ती एकदाही कुणाला काही विचारत नाही. तेंडुलकरांच्या कमलाकडे बघ. घरात सगळे तिची कीव करत असताना ती सरिताला, जयसिंगाच्या त्या शिकलेल्या बायकोला, सरळ विचारते की तुला कितीला विकत घेतलं. आणि सरिता चक्क आकडा सांगते. मग कमला हिशोब मांडते. कष्टाची कामं मी करीन, लिहिण्या-वाचण्याचं तू बघ, महिन्याचे दिवस वाटून घेऊ, दोघी मिळून संसार करू. तिला तो बंगला एका नजरेत कळलेला असतो. ज्या बाईला कुणी धड माणूस समजलं नाही, ती त्या घरातली सगळ्यात स्वच्छ डोळ्यांची निघते. त्या एका प्रश्नाने सरिताचं सगळं आयुष्य हलतं. तेंडुलकरांनी कमलाचं दुःख कुठंही सौम्य केलेलं नाही, पण तिच्या हातात प्रश्न दिला, व्यवहार दिला, पुढचा बेत दिला. माणसाची किंमत राखणं म्हणतात ते मला त्या प्रवेशात दिसतं, आणि मला तुझ्या नाटकात ते हवं आहे. तुझ्या बाईने मुकादमाला विचारावं, डॉक्टरला विचारावं, समोर खुर्चीत बसलेल्या परीक्षकांना विचारावं की तुमच्या चहात साखर किती.

तुझ्या आजीचं सांगते. तू लहान होतास, तुला ती खाटेवरचीच आठवत असणार. तिच्या अंगावर कुणी दयेने हात ठेवलेला तिला खपायचा नाही. माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आली होती, मी नोकरीला लागले त्या वर्षी. हेडमास्तर बाईंनी नमस्कार केला तर आईने पदराच्या आतूनच हात जोडले. उसाचं पान ब्लेडसारखं कापतं, तिचे तळहात आणि मनगटं चिरांनी भरलेली होती, आणि त्या सगळ्या चिरांत काळं बसलेलं होतं. ते तिला दाखवायचं नव्हतं. तेच हात फडात गेले की कसे चालायचे! ऊस मातीला लागून तोडायचा, वर बुडखा राहिला तर साखर रानात राहते. मग एका फटक्यात वाढं उडवायचं, पाचट सोलायचं, आणि वाढ्यालाच पीळ देऊन मोळी आवळायची. दोर लागत नाही. मोळी डोक्यावर घेऊन गाडीला लावलेल्या फळीवरून चढताना मान तसूभर हलायची नाही. तुझे आजोबा, आमचे अण्णा, म्हणायचे, टोळीत हिच्यासारखी मोळी कुणाची नाही. हे ऐकलं की आई तोंड फिरवायची, पण कान आमच्याकडेच असायचे.

तुझ्या नाटकातली मुलगी कोयता कसा धरते? मी व्हिडिओत पाहिलं. भाजी चिरायला बसल्यासारखी धरते. तिला आधी हे शिकव. बाईचं कसब स्टेजवर खरं दिसू दे, म्हणजे मग तिचं दुखणं आपोआप जड होईल.

मला एक सल आहे आणि ती तुला ठाऊक आहे, तुझ्या आईने सांगितलेलीच असणार. कॉलेजात असताना आमच्याकडे तेंडुलकरांचंच 'शांतता! कोर्ट चालू आहे' बसवायचं ठरलं आणि बेणारेची भूमिका मला दिली. सगळं पाठ केलं होतं. रात्री कंदिलाखाली, माझ्या आजीला जाग येऊ नये म्हणून ओठातल्या ओठात म्हणायचे. तालमी सुरू झाल्या आणि अण्णांचा फडावरून निरोप आला की लोकांपुढं असलं सोंग चालणार नाही, नाहीतर शिक्षण बंद. मी भूमिका सोडली. दुसऱ्याच मुलीने केली, बरी केली. मी प्रयोगाला गेले नाही. अण्णांवर राग धरून बसले, पण ते तिकडे ऊस तोडून माझी फी भरत होते, त्यामुळे तो राग काढायला जागाच नव्हती. अजूनही कधी घरात एकटी असले की बेणारेच्या तोंडची वाक्यं आठवतात.

ते नाटक आत्ता तुझ्या निमित्ताने पुन्हा काढलं. 1967 साली 'रंगायन'ने ते राज्य नाट्य स्पर्धेत केलं, सुलभा देशपांडे बेणारे होत्या. तूही स्पर्धेलाच चालला आहेस, म्हणून सांगते. एक नाटक मंडळी गावात प्रयोगाला येते, वेळ घालवायला खोटा खटला खेळते, आणि बघता बघता एका बाईच्या पोटात वाढणाऱ्या जिवावर चारचौघांची जीभ चालायला लागते. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, सगळे सभ्य लोक. कुणी ठरवून दुष्ट नाही. बाईचं अत्यंत खाजगी असलेलं सगळ्यांसमोर उलगडायला मिळतंय, एवढ्याचीच त्यांना चव लागते. आणि शेवटी बेणारे बोलते तेव्हा रंगमंचावरचे सगळे थिजलेले असतात, तिचं बोलणं त्यांच्यापैकी एकाच्याही कानावर पडत नाही. ऐकतो तो फक्त अंधारात बसलेला प्रेक्षक. तेंडुलकरांनी तिला त्या माणसांच्या तावडीतून तेवढ्यापुरतं बाहेर काढून आपल्या हाती सोपवलं. आपली काकू तू नेमकी उलटी न्यायला निघाला आहेस. तिला तू परीक्षकांच्या टेबलासमोर, पोरांच्या मोबाइलांसमोर उभी करणार. ती बोलेल, अडखळेल, पदर तोंडाला लावेल. लोक हळहळतील. आणि दुसऱ्या दिवशी ती क्लिप आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक फोनवर असेल. तिची लेक सासरी आहे, बाळा. तिचा जावई ते बघेल. याचा विचार केलास?

तिला विचारलंस का, मी एवढंच पुन्हा विचारते. आणि विचारलंस तरी मुकादमाच्या फोनवरून नको. ज्याने उचल दिलीय त्याच्या तोंडून आलेल्या प्रश्नाला ती नाही म्हणूच शकत नाही.

तू वामन केंद्रे सरांचं नाव घेतोस, त्यांच्या मुलाखती मला पाठवतोस. आपल्याच जिल्ह्यातल्या दरडवाडीचा माणूस राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा संचालक झाला, याचा मलाही अभिमान आहे. त्यांचं 'झुलवा' 1987 चं. कादंबरी उत्तम बंडू तुपे यांची, नाट्यरूप चेतन दातार यांचं. मी प्रयोग पाहिला नाही, कादंबरी मात्र वाचली आहे. देवाला सोडलेल्या जोगतिणींचं आयुष्य, अंगावर काटा येतो. ते नटांनी आपल्या अंगावर घेतलं. सयाजी शिंदे यांचं नाव तिथूनच लोकांना कळलं. दुसऱ्याचं जगणं स्वतःच्या हाडामासात उतरवायचं, घाम नटाने गाळायचा, हे तुमच्या विद्येचं काम आहे ना? मग तुझी नटी कमी पडते म्हणून काकूला का बोलावतोस? नटीला चार दिवस फडावर पाठव. पहाटे तीनला उठू दे, थंडीत ओल्या पाचटात बसू दे. आणि तुपे यांची आठवण ठेव. ज्यांच्या लिखाणावर एवढं गाजलेलं नाटक उभं राहिलं, त्यांचं म्हातारपण पुण्यातल्या एका वस्तीतल्या लहानशा खोलीत गेलं. 2020 मध्ये ते गेले. आपल्याला टाळ्या मिळतात तेव्हा ज्याच्या जिवावर मिळाल्या त्याच्या घरात काय चाललंय, हे बघायची सवय आपल्या लोकांना नाही. तुला ती असावी असं मला वाटतं.

अजून मागं जायचं तर जोतीरावांचं 'तृतीय रत्न' वाच, 1855 चं. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं होतं. त्यातही एक गरोदर कुणबी बाई आहे. ग्रहांची भीती घालून भटजी तिला आणि तिच्या नवऱ्याला लुबाडतो. म्हणजे आपल्याकडे डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो तसंच. पण फुल्यांनी तिला लुबाडलेली म्हणून सोडून दिलं नाही. शेवटी नवरा-बायको दोघं शिकायला निघतात, ती सावित्रीबाईंकडे, तो जोतीरावांकडे. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एवढं सुचलं होतं.

मी फार बोलले. तुझी आई म्हणेल, आक्का, पोर एवढं धडपडतंय आणि तुम्ही त्याच्यावर तोंड टाकलं. खरं आहे. तू हा विषय घेतलास हे कळलं तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली होती, हे तुला कुणी सांगितलं नाही. गावातली किती पोरं शिकून बाहेर पडली आणि आजी-आजोबांनी कोयता धरला होता हे सांगायला लाजतात. तू लाजला नाहीस. तू पोस्टरवर गावाचं नाव घातलंस. तुझ्या संहितेतला तो कोपीतल्या चुलीचा प्रसंग, पोरगी शाळेचं पुस्तक चुलीच्या उजेडात धरते तो, वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते. ती पोरगी कोण आहे हे मला माहीत आहे. तू आईकडून ऐकलंस, आणि न विचारता घेतलंस. त्यासाठी मी रागावलेली नाही. आपल्याच घरातलं आहे, तुझं आहे ते.

काकूचं मात्र तुझं नाही.

असं कर. स्पर्धेतला प्रयोग तिच्याशिवाय कर. आयोजकांना सांग की शेवट बदलला, पोस्टर नवं काढ. छपाईचे पैसे मी पाठवते, पेन्शन जमा झालीय. नटीकडून शेवट करून घे, आणि तिच्या तोंडी प्रश्न दे. मग पाडव्याला टोळ्या परत आल्या की गावात मारुतीच्या पारावर एक प्रयोग लाव. काकूला पुढच्या सतरंजीवर बसव, लग्नातली साडी नेसून. प्रयोगानंतर तिला विचार की यात काय चुकलं. तुझी नटी मोळी नीट आवळते का, फळीवर पाय नीट टाकते का, हे तीच सांगू शकेल, तुझे परीक्षक सांगू शकणार नाहीत. पिशवीचं तिला काही बोलावंसं वाटलं तर बोलेल. नाही वाटलं तर नाही. माझा अंदाज आहे, बायका बायका उरल्यावर ती चुलीपाशी बोलेल, आणि तेव्हा तू तिथं नसशील. चालेल ना तुला?

तिला मी उद्या रात्री पुन्हा फोन करणार आहे. तू तिला न्यायला येणार नाहीस असं सांगू, की तू स्वतः फोन करतोस? तू केलास तर बरं. तिचा नंबर तुला वेगळा पाठवते. मुकादमाचा नव्हे, तिच्या नवऱ्याचा आहे, पण तो भला आहे, तिला देतो. रात्री आठनंतर कर, त्याआधी ते गाडी भरत असतात. आधी पाया पडतो म्हण. ती तुला कडेवर घेऊन फिरवायची, तुझ्या आजीच्या आजारपणात तुझं सगळं तिनेच केलं. हे तुला आठवत नसेल, मला आठवतं.

आणि खाणं वेळेवर करतोस का? आवाज बसल्यासारखा वाटला मागच्या वेळी. तालमीत ओरडू नकोस, रात्री कोमट पाण्याने गुळण्या कर. मेसचं तिखट पोटाला लागतं तुझ्या, लहानपणापासून तसंच आहे. प्रयोगाला मी येणार, कुणी सोबत नसलं तरी येणार. एसटीने येईन, स्टँडवर कुणाला तरी पाठव, तू मेकअप सोडून येऊ नकोस. धपाटे आणि जवसाची चटणी आणते, तुझ्या नटीलाही पुरेल एवढी. ती मुलगी कुठली आहे, घरी कोण असतं तिच्या, हेही कळव. सहज विचारते.

तुझी,
आत्या